मंत्रीसाहेब, आमच्या मेंढ्यांची लोकर कोण घेणार?

मा. वस्त्रोद्योगमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सा.न.वि.वि.

साहेब, मी माण तालुक्यातल्या म्हसवडची. सासर सनगराचं, घोंगडी विणणाऱ्यांचं. मागच्या कातरणीला माणगंगेच्या काठानं चालले होते, तर बाभळीखाली काळ्या लोकरीचे ढीग पडलेले. ओळखीच्या मेंढपाळाला विचारलं. म्हणाला, "वहिनी, कातरणाऱ्याची मजुरीबी निघत नाही. नेत असाल तर फुकट न्या, नाहीतर पेटवून देतो."

एका मेंढीची वर्षाकाठी अर्धा किलोच्या आसपास लोकर निघते. अंगावरची लोकर वाढली की मेंढीचे उन्हात हाल होतात, म्हणून तो पदरचे पैसे घालून कातरतो आणि लोकर उकिरड्यावर जाते. मी त्याला बोल लावणार नाही. भाव आहे तो मटणाला. म्हणूनच कळपात आता जतकडचा माडग्याळ नर सोडतात. त्या जातीला वजन चांगलं, लोकर मात्र नावाला.

त्या दिवशी मी दोन पोती भरून घरी आणली. सासूबाईंनी अंगणात पसरून काटे-कुसळं वेचली, पोटाखालची भरड लोकर एकीकडे आणि जावळ दुसरीकडे केलं. जावळ म्हणजे कोकराची पहिली कातर, हाताला अगदी मऊ. मग पिंजायची, मग चरख्यावर कातायची. एका घोंगडीचं सूत कातायला त्यांचे आठ-दहा दिवस जातात. त्यानंतर सासरे ताणा, म्हणजे उभे धागे, लावतात. चिंचोके भिजवून, कुटून, शिजवून त्याची खळ करायची आणि ती कुंच्यानं ताण्यावर फिरवायची. खळ बसली की लोकरीची लव दबते आणि धागा मागावर तुटत नाही. खळ शिजायला लागली की गल्लीभर वास सुटतो; पूर्वी तो घराघरातून यायचा.

रंग म्हणाल तर एक थेंब नाही. मेंढी काळी म्हणून घोंगडी काळी, आणि काठाची रेघ पांढऱ्या मेंढीची. माग खड्ड्यातला, पायानं चालणारा, त्याला वीज नाही. कापड रंगवायच्या कारखान्यांचं सांडपाणी नदीचं काय करतं, हे कृष्णा-पंचगंगेकाठच्या माणसांना सांगायला नको. आमच्या कामात नदीत सोडण्यासारखं काही निघतच नाही. घोंगडी फाटली तर खाली अंथरायची, आणि अगदीच विरली की मातीत मिसळते. पॉलिस्टरचं ब्लँकेट हे शेवटी खनिज तेलापासून केलेलं प्लास्टिकच. धुताना त्याचे बारीक तंतू सुटून पाण्यात जातात आणि तिथंच राहतात.

आपल्या खात्याच्या धोरणाचं नाव 'एकात्मिक व शाश्वत वस्त्रोद्योग धोरण 2023-28' आहे. पैठणी, हिमरू, करवतकाटी आणि खणाच्या बरोबरीनं त्यात घोंगडीचं नाव वाचलं तेव्हा घरात सगळ्यांना आनंद झाला. विणणाऱ्या पुरुषाला 10,000 आणि बाईला 15,000 रुपये उत्सव भत्ता, हेही चांगलंच. पण सासूबाई चाळीस वर्षं सूत काततात आणि विणकरांच्या यादीत त्यांचं नाव नाही, कारण त्या मागावर बसत नाहीत. कातणारीच्या सुताशिवाय माग वीतभर पुढे सरकत नाही, साहेब. तिला मोजल्याशिवाय या धंद्याला न्याय मिळाला असं मी म्हणणार नाही.

शिवाय भत्ता वर्षातून एकदा येतो. बाकीचे महिने माग चालायला लोकर हवी आणि गिऱ्हाईक हवं. मेंढी पशुसंवर्धन खात्याकडे, घोंगडी आपल्याकडे, आणि मधली लोकर कोणाकडेच नाही. सगळं अडलंय ते इथंच.

गिऱ्हाइकाचंही सांगते. तीन वर्षांपूर्वी एका सरकारी कार्यालयानं सत्कारासाठी आमच्याकडून बारा घोंगड्या नेल्या. पैसे आठ महिन्यांनी मिळाले. तोवर आम्ही उसने पैसे घेतले होते. पुढच्या वर्षी त्याच कार्यक्रमात पाहुण्यांच्या खांद्यावर अ‍ॅक्रिलिकची, यंत्रावर काढलेली काळी चादर होती. निवेदक तिला घोंगडी म्हणत होते. सासरे काही न बोलता उठून बाहेर गेले.

1985 च्या कायद्यानं हातमागासाठी जे 11 प्रकार राखून ठेवलेत, त्यात बराकीत वापरायची ब्लँकेटं आणि कांबळी आहेत. तेव्हा सातारा-सांगलीतल्या पोलीस बराकी आणि सरकारी वसतिगृहांसाठी दरवर्षी थोडी तरी खरेदी हातमागाच्या लोकरी कापडाची करा, आणि बिल महिनाभरात द्या. मेंढी व शेळी विकास महामंडळाची प्रक्षेत्रं दहिवडीला आणि कवठेमहांकाळजवळ रांजणीला आहेत. तिथं कातरणीच्या दिवसांत लोकर वजनावर घ्या, निदान कातरणाऱ्याची मजुरी सुटेल एवढ्या भावानं. निवडलेली लोकर कातणाऱ्या बायकांना द्या आणि मजुरी थेट त्यांच्या खात्यात जमा करा. त्यासाठी पशुसंवर्धनमंत्र्यांशी बोलावं लागेल, ते आपणच बोलू शकता.

दिवाळीनंतर आमच्याकडचे कळप चाऱ्यासाठी बाहेर पडतात. त्याआधी कातरणी होते. लोकर घ्यायचा वजनकाटा तेवढ्यात दहिवडीत लागला, तर या वर्षीची लोकर वाचेल.

आपली,
सनगराची एक सून
म्हसवड, ता. माण, जि. सातारा