पाळणाघर, मावशी आणि बोल्बी

अमळनेर,
पोळ्याचा दुसरा दिवस

प्रिय संदीप,

पत्र मिळालं. फोनवर तू मोकळं बोलला नसतास, मावशी शेजारीच बसलेल्या असतात. त्या म्हणतात लेकराची माय घरात पाहिजे, वहिनींची सव्वीस आठवड्यांची रजा संपत आलीय, मुलीला पाळणाघरात ठेवायचं की नाही हा प्रश्न आणि तू मधल्यामध्ये. त्यात कुणीतरी 'आईपासून दूर ठेवलं की मुलाचं नुकसान होतं, हे बोल्बीनं सिद्ध केलंय' म्हणून तुला घाबरवून सोडलंय. कॉलेजात हाच विषय शिकवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जॉन बोल्बी या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञानं जागतिक आरोग्य संघटनेसाठी अहवाल लिहिला तो १९५१ मध्ये. त्याच्यासमोर होती महायुद्धानंतर घर हरवलेली, संस्थांमध्ये वाढणारी मुलं. त्याचा मुख्य पुरावा सकाळी पाळणाघरात जाऊन संध्याकाळी आईच्या कुशीत झोपणाऱ्या मुलांबद्दलचा नव्हता. शिवाय आईबरोबर त्यानं कंसात 'किंवा आईची जागा कायम घेणारी व्यक्ती' असंही लिहिलं होतं. तो कंस कुणी वाचत नाही.

खरा वाद पेटला तो १९८६ मध्ये. जे बेल्स्की हा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ म्हणाला, पहिल्या वर्षात आठवड्याला वीस तासांहून जास्त वेळ बाळ दुसऱ्यांच्या हाती असेल तर धोका संभवतो. त्यावरून एवढा गदारोळ झाला की १९९१ मध्ये अमेरिकेत दहा ठिकाणची १,३६४ बाळं घेऊन मोठा अभ्यास सुरू झाला. १९९७ चा निष्कर्ष असा: पाळणाघर, तिथले तास, मूल किती लहान असताना ठेवलं, यातल्या कशानंही एकट्यानं आई-बाळाचं नातं बिघडत नाही. आई बाळाच्या हाकेला फारशी ओ देत नसेल आणि वर पाळणाघरही सुमार असेल, तास जास्त असतील किंवा माणसं सारखी बदलत असतील, तर मात्र फरक दिसतो. पुढे हेही दिसलं की चांगल्या ठिकाणची मुलं बोलण्यात थोडी पुढे असतात, आणि फार तास बाहेर राहिलेली थोडी जास्त दांडगाई करतात. हे तुझ्यापासून लपवत नाही. पण दोन्ही परिणाम छोटे. घराचा परिणाम त्याहून मोठा.

आता आपल्याकडचं. यावल-चोपड्याकडे कपाशीच्या निंदणीला गेलेल्या बायांची बाळं बांधावरच्या निंबाला बांधलेल्या झोळीत असतात, दूध पाजायला माय येऊन जाते, बाकी वेळ आजी नाहीतर मोठी बहीण. मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९५४-५५ मध्ये युगांडाच्या खेड्यांत जवळपास असंच पाहिलं. आया शेतात, बाळं अनेकांच्या कडेवर, आणि बरीचशी बाळं आईखेरीज बाप, आजी, भावंडांनाही घट्ट बिलगलेली. म्हणून मावशींचं 'माय एकटीच' हे आपल्याच खानदेशाला धरून नाही. पण मी झोळीचं कौतुक करत बसणार नाही. झोका देणारी ती बहीण सात-आठ वर्षांची असते, आणि तेव्हा तिनं शाळेत असायला हवं.

त्याच एन्सवर्थनं पुढे अमेरिकेत बाल्टिमोरमध्ये बाळाला अनोळखी खोलीत ठेवून, आई तीन-तीन मिनिटं बाहेर जाऊन परत आली की ते काय करतं, हे पाहायची पद्धत बसवली. बाळ रडलं का, यापेक्षा आई आल्यावर ते शांत होतं का, हे त्यात महत्त्वाचं. तेव्हा पहिल्या दिवशी मुलगी दारात हंबरडा फोडेल तो ऐकून खचू नकोस. संध्याकाळी ती तुमच्या खांद्यावर शांत होते का ते बघ.

आणि पाळणाघर निवडताना भिंतीवरची चित्रं बघू नकोस. एका बाईकडे किती तान्ही मुलं, त्या बाई किती वर्षं तिथेच आहेत, रडणाऱ्या बाळाला कोण आणि किती पटकन उचलतं, एवढं बघ. भर दुपारी, न कळवता जा. सुरुवातीचे काही दिवस तू स्वतः तिथे बस. हो, तू. या सगळ्या भांडणात बापाला कुणी काही विचारतच नाही, ते मला फार खटकतं.

अजून एक. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय द्यावी लागते, आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता येतं. वहिनींच्या कंपनीत शंभरावर माणसं आहेत असं तूच म्हणाला होतास. त्यांनी लेखी विचारावं. उत्तर आलं की कळव. टाळाटाळ केली तर पुढचा अर्ज मी लिहून देतो.

तुझा,
दिनेश