घर चढावर घेतलंय

आंब्वाझ, फ्रान्स, रविवार रात्र

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

फोनवर सांगायला तीनदा तोंड उघडलं आणि तिन्ही वेळा आईच्या गुडघ्याचं बोलून फोन ठेवला. म्हणून लिहितेय. गुरुवारी नोटरीकडे सह्या केल्या. इथे घर घेतलं. आधी विचारलं असतं तर बाबा ‘तुला योग्य वाटेल ते कर’ म्हणाले असते आणि आई दोन दिवस नीट जेवली नसती. मग माझ्याच्यानं सही झालीच नसती.

पुन्हा नदीकाठ, हेच पहिलं मनात येईल ना? पण घर चढावर आहे, किल्ल्याच्या मागे. ल्वार नदी पार खाली. तिला 1846, 1856, 1866 असे दर दहा वर्षांनी मोठे पूर आले होते, हे मी आधीच वाचलं. इथे घर विकताना पूर-दरडीच्या धोक्याचा कागद मालकालाच द्यावा लागतो. तो दोनदा वाचून मगच पुढे गेले.

2019 ला सांगलीत आयर्विन पुलावर पाणी 57 फुटांवर गेलं, तेव्हा मी इथल्या पुलावर उभी राहून बाबांना फोन लावत होते. लागत नव्हता. आई देव मांडीवर घेऊन बोटीत बसली, हे दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंकडून कळलं. त्यानंतर परत यायचंच ठरवलं होतं, खरंच. पण इथली नोकरी कायम झाली, आणि तुमची औषधं, वरच्या खोलीचं काम, सगळं त्यातूनच नीट होतंय. तुम्हाला सोडलंय असं कृपा करून समजू नका.

घर पांढऱ्या मऊ दगडाचं आहे, नख ओढलं तर भुकटी बोटाला लागते. मागची खोली अर्धी कड्यात कोरलेली, उन्हाळ्यात आजोळच्या माजघरासारखी गार. रविवारी नदीकाठी बाजार भरतो. तिथे शेळीच्या दुधाचं लांबट चीज मिळतं, वरून राखाडी, मधून गव्हाच्या काडीसारखी काडी घातलेली. आई, वास तुला चालणार नाही, पण भाकरीबरोबर छान लागतं. तूर शहर ट्रेननं वीस मिनिटांवर. तिथे तूरडाळसुद्धा मिळते!

ऑगस्टमध्ये ल्वारचं पात्र वाळूनं भरतं. वाळू पायाखालून सरकते म्हणून पोहायला बंदी आहे. मी पाऊलसुद्धा बुडवत नाही, काळजी नको. माई घाटावर बाबांचा अंगठा धरून पाणी कितव्या पायरीवर आलं ते मोजायचे ना, तसं रोज पुलावरून बघते, एवढंच.

खालची खोली तुमची. पायरी नाही, न्हाणीघरात धरायला दांडा बसवून घेतलाय. बाबा, चित्रकार लिओनार्दो दा विंची 1516 साली आल्प्स ओलांडून या गावात आला तेव्हा 64 वर्षांचा होता. त्याचं घर आपल्यापासून दहा मिनिटांवर. तुम्ही तर विमानानं येणार.

आता ऐका. आई, खाली बसून भाजी चिरणं बंद, विळी माळ्यावर टाक. बाबा, साखर रोज सकाळी मोजून वहीत लिहायची. जून संपायच्या आत देव आणि कागदपत्रं वर न्यायची. पाणी 35 फुटांवर गेलं की बॅग उचलून मिरजेला मावशीकडे. 40 ची वाट बघायची नाही.

आणि पासपोर्टचे फोटो या आठवड्यातच काढा. बाबा, निळा शर्ट घाला, पांढरा फोटोत दिसत नाही.

तुमची,
छोटी