पगार पाहिला, आजारपणाची रजा पाहिली का?

प्रिय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अमेरिकेतील कामगारांच्या वेतनावरचा लेख आपल्या अंकात वाचला. तिकडे डॉलरमध्ये भरपूर पगार मिळतो, युनियनचा अडथळा नाही, म्हणून उद्योगांची भरभराट झाली, असा त्याचा सूर आहे. मी भुसावळला रनिंग स्टाफमध्ये होतो, आयुष्यभर मालगाड्या चालवल्या. त्यामुळे तिकडच्या मालगाडीवाल्यांच्या बातम्या मी आवर्जून वाचतो. २०२२ साली त्यांच्या बाबतीत जे घडले ते या सुराशी अजिबात जुळत नाही.

तेथील रेल्वे मालवाहतूक खासगी कंपन्यांच्या हातात आहे. पण रेल्वेत युनियन आहेत, त्याही बारा, आणि २०२२ च्या त्यांच्या वेतनकरारात सुमारे १ लाख १५ हजार कामगार होते. २०२४ च्या आकडेवारीप्रमाणे खासगी क्षेत्रात शंभरात सहा कामगारही युनियनचे सभासद नाहीत. त्या मानाने ही मंडळी संघटित म्हणायची, पगारही बरा. तरीसुद्धा इंजिन चालवणाऱ्याला आणि त्याच्या सोबतच्या कंडक्टरला (आपल्याकडच्या गार्डसारखा) आजारपणासाठी पगारी रजा एका दिवसाचीही नव्हती.

बीएनएसएफ ही वॉरेन बफे यांच्या बर्कशायर हॅथवेच्या मालकीची रेल्वे कंपनी. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिने हजेरीसाठी गुण सुरू केले. प्रत्येकाच्या नावावर ३० गुण. गैरहजर राहिलात की गुण कापले जाणार, मग तुम्ही तापाने फणफणत असलात तरी. सलग १४ दिवस बोलावणे येईल तेव्हा हजर राहण्याची तयारी ठेवली, तर ४ गुण परत. गुण संपले की कारवाई. याविरुद्ध संप करायचे ठरले, तेव्हा टेक्सासमधल्या फेडरल (केंद्रीय) न्यायाधीशांनी ही पद्धत लागू होण्याआधी, जानेवारीतच मनाई हुकूम दिला.

ज्यांनी कॉलवर, म्हणजे बोलावण्याची वाट पाहत, दिवस काढलेले नाहीत त्यांना यातला जाच कळणार नाही. फोन दुपारी वाजेल की रात्री दोनला, याचा नेम नसतो. झोप कधी घ्यायची तेच ठरवता येत नाही. घरात कार्य असले तरी कान फोनकडे. पण आमच्या वेळी अंगात ताप असला की सिक मेमो (आजारी असल्याची चिठ्ठी) घ्यायचा, रेल्वेच्या दवाखान्यात जायचे, आणि डॉक्टरांनी अनफिट लिहिले की फिट सर्टिफिकेट मिळेपर्यंत इंजिनावर पाय ठेवायचा नाही. यात नुसती ड्रायव्हरची सोय पाहिलेली नाही. हजारो टन माल ओढणाऱ्या इंजिनावर डोळे मिटू लागलेला माणूस बसू नये, एवढा साधा विचार त्यामागे आहे.

अमेरिकी कंपन्यांना रजा का परवडत नव्हती? त्यांनी माणसेच ठेवली नव्हती. सहा वर्षांत साधारण ४५ हजार माणसे, म्हणजे जवळपास तीस टक्के, कमी केली, असे तिथल्या रेल्वे नियामक मंडळाच्या अध्यक्षांनीच २०२२ मध्ये सांगितले. गाड्या मात्र लांबत गेल्या, काही तर दोन-तीन मैलांच्या. बदलीला राखीव माणसेच नाहीत म्हटल्यावर एकाच्या आजारपणात दुसरा येणार कुठून?

सप्टेंबर २०२२ मध्ये तडजोडीचा करार झाला. पाच वर्षांत २४ टक्के वाढ, हा आकडा सगळीकडे गाजला. त्याच वर्षी जूनमध्ये तिथली महागाई ९.१ टक्क्यांवर गेली होती, हे कमी लोकांनी लिहिले. आजारपणाबाबत काय मिळाले? वर्षातून तीनदा डॉक्टरकडे जाता येईल, बिनपगारी; तेही तीस दिवस आधी सांगून, आणि मंगळवार, बुधवार किंवा गुरुवारीच. तीस दिवस आधी कोणाला कळते की आपल्याला ताप येणार आहे? बारापैकी चार युनियनच्या सभासदांनी हा करार मतदानात फेटाळला.

पुढचे फार वेगाने झाले. राज्याराज्यांतल्या व्यापाराबाबत कायदे करण्याच्या घटनात्मक अधिकारामुळे तिथे संसदेला अशा तंट्यात हात घालता येतो. स्वतःला कामगारांचा मित्र म्हणवणारे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनी करार कायद्याने लादण्याची विनंती संसदेला केली. सात दिवसांच्या पगारी आजारी रजेचा वेगळा ठराव प्रतिनिधीगृहात, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहात, २२१ विरुद्ध २०७ मतांनी मंजूर झाला. वरच्या सभागृहात, सिनेटमध्ये, त्याला ५२ मते पडली, ६० लागत होती, म्हणून तो पडला. करार मात्र ८० विरुद्ध १५ ने मंजूर झाला आणि २ डिसेंबरला सही झाली. संप बेकायदा.

८ मे १९७४ चा आपला रेल्वे संप ज्यांनी पाहिला आहे, त्यांना सरकार कामगारांच्या अंगावर येते म्हणजे काय हे सांगायला नको.

तरी गोष्ट तिथे संपली नाही. देशभर चर्चा झाली, कंपन्यांना तोंड दाखवणे अवघड झाले, आणि युनियन एकेका कंपनीच्या मागे लागल्या. २०२३ मध्ये सीएसएक्स या रेल्वे कंपनीने सुरुवात केली. मग इतरांनीही करार केले: अनेकांना वर्षाला चार दिवस पगारी आजारी रजा मिळाली, शिवाय तीन वैयक्तिक रजा आजारपणासाठी वापरायची मुभा. संसदेने नाकारलेले सात दिवस युनियननेच पदरात पाडून घेतले. ज्यांच्यामागे युनियन नाही, अशा हॉटेलातल्या, गोदामातल्या माणसाला असे कोण मिळवून देणार? पगारी आजारी रजेची सक्ती करणारा देशव्यापी कायदा अमेरिकेत खासगी नोकरीला नाही. देशपातळीवरचे किमान वेतनही जुलै २००९ पासून ताशी ७.२५ डॉलरवर आहे. राज्याने किंवा शहराने स्वतः वाढवले तरच जास्त.

तेव्हा अमेरिकेतल्या पगाराचे तक्ते पुन्हा छापाल, तर शेजारी दोन रकाने वाढवा ही विनंती: आजारी रजा किती दिवस, आणि ती मागितली तर नोकरीवर काय परिणाम होतो.

आपला,
एक निवृत्त लोको पायलट, भुसावळ