चर्चची सूचना आधी वेबसाइटवर हवी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

वसईतील अनेक चर्चना आज फेसबुक पेज आहे, यूट्यूब चॅनल आहे, गावागावांचे व्हॉट्सअॅप ग्रुप आहेत आणि काहींची वेबसाइटही आहे. पण यांचा आपापसात मेळ नसतो. पवित्र सप्ताह आला की मिस्सेच्या (चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या) वेळांचे रंगीत चित्र ग्रुपवर पडते. मग एखादी वेळ बदलते, सुधारित चित्र येते आणि त्यानंतर दोन्ही चित्रे गावभर फिरत राहतात. वेबसाइटवर मात्र गेल्या वर्षीचाच गुड फ्रायडे असतो. चर्चच्या माध्यम समित्यांनी हा क्रम उलटा करावा. मजकूर आधी वेबसाइटवर टाकावा आणि बाकी सगळीकडे त्याची लिंक द्यावी.

फॉरवर्ड झालेले चित्र परत बोलावता येत नाही, लिंकमागचे पान मात्र केव्हाही दुरुस्त करता येते. त्यासाठी ‘मिस्सेच्या वेळा’ या पानाचा पत्ता कायम एकच ठेवावा, दर वर्षी नवे पान काढू नये. पानाच्या माथ्यावर शेवटच्या बदलाची तारीख आणि वेळ लिहावी.

लिंक पाठवली तर कोणी उघडत नाही, ही तक्रार खरी आहे. पण दोष बहुधा पानाचा असतो. लिंकखाली शीर्षक, दोन ओळींचा सारांश आणि फोटो दिसण्यासाठी पानात ‘ओपन ग्राफ’चे टॅग, म्हणजे पानाच्या कोडमधल्या खुणा, लागतात. वेबसाइट वर्डप्रेस या प्रणालीवर असेल तर योस्टसारखे प्लगइन (जोड-सॉफ्टवेअर) ते भरते. फोटो १२०० बाय ६३० पिक्सेलचा, जेपीजी आणि शक्यतो ३०० केबीच्या आत ठेवावा. कॅमेऱ्यातला पाच एमबीचा फोटो तसाच चढवला, तर व्हॉट्सअॅपवर बहुतेक वेळा नुसती निळी ओळ उरते. फोटोवर अक्षरे असतील तर ती मधोमध घ्यावीत, कारण काही ठिकाणी कडा कापून चौकोनच दिसतो. पान सुधारूनही फेसबुक जुनाच फोटो दाखवत असेल, तर त्याने पहिल्या वेळची प्रत साठवून ठेवलेली असते. फेसबुकची कंपनी मेटाच्या ‘शेअरिंग डीबगर’ या साधनामध्ये पानाचा पत्ता टाकून ‘स्क्रेप अगेन’ दाबावे.

चर्चच्या पत्रिकेची अडचण वेगळी आहे. ती बहुधा जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये जुळवलेली असते आणि तिची पीडीएफ वेबसाइटवर जाते. त्यातला परिच्छेद कॉपी करून पाहा, अगम्य अक्षरे हाती येतील. असा मजकूर गूगलला सापडत नाही आणि नजर अधू झालेल्या आजी-आजोबांना मोबाइल तो वाचूनही दाखवू शकत नाही. मजकूर युनिकोडमध्ये बदलून पानावर ठेवावा. रूपांतरात रफार आणि जोडाक्षरे हमखास बिघडतात. मिस्सेच्या वेळा आणि बायबलमधल्या वचनांचे आकडे तर दोनदा तपासावेत.

आता थेट प्रक्षेपण. फेसबुकवरचे नवे लाइव्ह फेब्रुवारी २०२५ पासून ३० दिवसांनी आपोआप काढले जाते, ही गोष्ट अजून अनेकांच्या गावी नाही. सणाची मिस्सा वर्षभराने शोधायला जाल तर ती तिथे नसेल. म्हणून मूळ प्रक्षेपण यूट्यूबवर करावे, फेसबुकवर फक्त लिंक द्यावी. यूट्यूबवर लाइव्हची सोय पहिल्यांदा सुरू करताना २४ तासांपर्यंत थांबावे लागते आणि मोबाइलवरून दाखवायचे तर चॅनलला किमान ५० सबस्क्रायबर लागतात. नाताळच्या आदल्या संध्याकाळी चॅनल उघडून मध्यरात्रीची मिस्सा दाखवता येत नाही ती यामुळे.

७२० पी (साध्या एचडी) चित्रासाठी इंटरनेटचा सुमारे ४ एमबीपीएस अपलोड, म्हणजे बाहेर पाठवण्याचा वेग, खर्च होतो. हाताशी त्याच्या दुप्पट असावे. जाहिरातीतला मोठा आकडा डाउनलोडचा असतो, त्यावर जाऊ नये. चर्चचे वायफाय सर्वांना खुले असेल तर ऐन प्रवचनात चित्र अडखळते, तेव्हा लॅपटॉपला लॅन केबल लावावी. आवाज मिक्सरमधून घ्यावा. फोनचा माइक धर्मगुरूंच्या आधी पंखे ऐकवतो! मध्येच रेकॉर्ड केलेले गीत वाजवले तर कॉपीराइटचा दावा येऊ शकतो. दर रविवारी नवी लिंक देण्यापेक्षा यूट्यूब चॅनलच्या पत्त्याच्या शेवटी ‘/live’ जोडून होणारी कायमची लिंक वेबसाइटवर लावावी. प्रक्षेपण आधी शेड्यूल केले की दुबईतल्या घरच्या माणसांना वेळ त्यांच्या घड्याळाप्रमाणे दिसते, दीड तासाची वजाबाकी करावी लागत नाही.

मुखपृष्ठावर फेसबुक-इन्स्टाग्रामच्या पोस्ट आपोआप दाखवणारी चौकट बसवण्याचा मोह टाळावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. पान जड होते, ज्याचे खाते नाही त्याला लॉगिन विचारले जाते, आणि डिसेंबर २०२४ मध्ये इन्स्टाग्रामने जुनी एपीआय (इतर वेबसाइटना पोस्ट पुरवणारी जोडणी) बंद केल्यावर अशा कितीतरी चौकटी बंद पडल्या. साधी बटणे पुरतात.

व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये १०२४ जणच मावतात आणि प्रत्येकाचा नंबर सर्वांना दिसतो. ब्रॉडकास्टचा संदेश, आपला नंबर ज्यांनी सेव्ह केला आहे त्यांनाच पोहोचतो. व्हॉट्सअॅप चॅनलमध्ये अनुयायांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत, म्हणून धर्मग्रामाच्या (एका चर्चच्या भाविकांच्या) सूचना चॅनलवर आणि बोलणे छोट्या ग्रुपांत, ही विभागणी बरी. एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येत असेल, उदाहरणार्थ बाप्तिस्म्याच्या दाखल्यासाठी काय आणावे, तर त्याचे उत्तर वेबसाइटवर पान करून ठेवावे आणि विचारणाऱ्याला लिंक द्यावी. फेसबुकवरच्या प्रश्नांना कोणत्या दिवशी कोण उत्तर देणार, हेही ठरलेले असावे. चार दिवस उत्तर मिळाले नाही, की माणूस पुन्हा विचारत नाही.

प्रार्थनेच्या विनंत्या मात्र कमेंटमध्ये घेऊ नयेत. आजारपण, घरातले तंटे तिथे जगजाहीर होतात. वेबसाइटवर फॉर्म ठेवावा: नाव ऐच्छिक, आणि ‘मिस्सेत वाचावी’ की ‘फक्त धर्मगुरूंसाठी’ हा पर्याय. उत्तरांची शीट दोघांखेरीज कोणालाही खुली नसावी. तीच काळजी मुलांच्या फोटोंची. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील व्यक्ती म्हणजे मूल, आणि मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. प्रथम कम्युनियनच्या नोंदणी अर्जातच संमतीची ओळ घालावी; फोटोखाली मुलांची पूर्ण नावे देऊ नयेत.

शेवटी किल्ल्या कोणाकडे, हा प्रश्न. डोमेन, म्हणजे वेबसाइटचे नाव, हौशी तरुणाच्या वैयक्तिक ईमेलवर घेतलेले असते. तो कॅनडाला जातो, नूतनीकरणाची सूचना त्यालाच जाते आणि एके दिवशी वेबसाइट नाहीशी होते. सर्व खाती चर्चच्या ईमेलवर काढावीत, पेजला पूर्ण अधिकाराचे किमान दोन ॲडमिन ठेवावेत. चर्चचे फोटो उचलून बनावट पेज काढणे आणि त्यावर देणगीचा क्यूआर कोड टाकणे कोणालाही अवघड नाही. म्हणून खरा कोड फक्त वेबसाइटवर ठेवावा आणि तसे रविवारच्या सूचनांमध्ये अधूनमधून सांगत राहावे.

आपले,
चर्चच्या वेबसाइटचे काम पाहणारे काही स्वयंसेवक, वसई