टाकी गेली नव्हती, रॉड झिजला होता

संपादक महोदय,

आमच्या इमारतीला बोअरचे पाणी आहे, बादलीच्या कडेला पांढरा थर धरणारे. गेल्या महिन्यात आमचा १५ लिटरचा गिझर पाणी कोमटच देऊ लागला, आतून कडकड आवाज यायचा. एके सकाळी बटण दाबताच घराचा ईएलसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, पडला. पहिल्या मेकॅनिकने झाकणही न उघडता ‘टाकी गेली, नवा घ्या’ म्हणून सांगितले. दुसऱ्याने तो उघडला. कॉइलवर बोटभर क्षार, कॉइल तडकलेली आणि मॅग्नेशियमच्या रॉडची नुसती तार उरलेली. हा रॉड टाकीऐवजी स्वतः झिजतो, म्हणून टाकी टिकते. नऊ वर्षांत हे मला कुणीही सांगितले नव्हते! कॉइल, रॉड, गॅस्केट बदलले; टाकी शाबूत होती.

त्याहून मोठा धक्का मला बसला तो शेजाऱ्यांच्या घरी. त्यांच्या गिझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब थेंब गळायचे, म्हणून कुणीतरी त्याचे तोंड एम-सीलने बुजवले होते. पाणी तापले की फुगते, वाढलेला दाब त्या व्हॉल्व्हनेच बाहेर पडतो. पाणी पुरेसे तापले की वीज बंद करणारा थर्मोस्टॅट अडकला आणि ही वाटही बंद असली, तर टाकी फुटू शकते. मी तिथेच बसून व्हॉल्व्ह बदलून घेतला.

जड पाण्याच्या भागात रॉड दरवर्षी तपासावा लागतो, एवढी एक ओळ तरी विक्रेत्यांनी बिलावर लिहून द्यावी, ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त शिक्षिका, लातूर