तुझी विटी सापडली

तासगाव,
रविवार, रात्री

प्रिय सद्या,

तीन महिने तुझा फोन उचलला नाही. चौथ्या वेळी तू नुसतं चपलेचं चित्र पाठवलंस, ते पोचलं. इकडं सगळे बरे. आईचा गुडघा होता तसाच, शोभाची शुगर आटोक्यात, माझं पुढं लिहितोच. फोनवर सांगायला गेलो असतो तर पहिल्याच वाक्याला तू शिवी दिली असतीस आणि मला रडू आलं असतं. म्हणून कागद घेतला. पत्रात मध्येच कुणाला तोंड घालता येत नाही.

तर ऐक. १९८९ साली, सातवीत, मोहित्यांच्या खळ्यात तू मारलेली विटी माझ्या दाताला बसली होती. ती यंदाची दिवाळी झाल्यावर सांगलीत एका सर्जननी माझ्या वरच्या हिरडीतून बाहेर काढली. विटी नाही रे, पण विटीचीच पोटची पोर म्हण.

श्रावणात एक दिवस दाढी करताना वरचा ओठ डावीकडं जरा उचललेला दिसला. जीभ फिरवली तर त्याच दाताच्या वर, हिरडीवर, बोराएवढं टेंगूळ. बोटानं दाबलं तर आत गेलं आणि पापडाचा तुकडा मोडावा तसं बारीक कुरकुरलं. दुखत मात्र काडीचं नव्हतं. सद्या, दुखत नव्हतं म्हणूनच माझ्या पोटात गोळा आला. बाळूच्या गाठीचं तरी सुरुवातीला कुठं दुखत होतं?

आपल्याकडं ‘गाठ’ म्हटलं की पुढचं कुणी बोलतच नाही. मीही नाही बोललो. आरशापुढं उभं राहून रोज दाबून बघायचो, आज मोठी आहे का काल मोठी होती. रात्री मोबाइलवर फोटो बघायचो. ते कधी बघू नकोस.

आता तुला जे सांगायचंय ते. २०१२ ला गुटखा बंद झाला तेव्हा आपण गुटखा सोडला म्हणून पेढे खाल्ले आणि तंबाखू-चुन्यावर आलो, हे तुला माहीतच आहे. मग २०१५ च्या फेब्रुवारीत आर. आर. आबा गेले. सगळा तालुका गपगार झाला होता. तू सुट्टीवर आला होतास. गणपतीच्या गोपुरापुढं, तुझ्या तिकडच्या तमिळ देवळांसारखं दिसतं म्हणून तू नेहमी जिथं थांबतोस तिथंच, आपण दोघांनी पुड्या गटारात टाकल्या आणि शपथ घेतली. तू पाळलीस. मी अकरा दिवस पाळली.

अकरा दिवस, सद्या. त्यानंतर दरवर्षी तू यात्रेला यायचास आणि मी तुझ्यासमोर बडीशेप खायचो. डबी ठेवायचो बेदाण्याच्या शेडवर, द्राक्षं बुडवायच्या डिपिंग ऑइलच्या कॅनमागं. म्हणून फोन उचलत नव्हतो. तू आवाजावरून ओळखलं असतंस. शपथ घेतली तीही एकदंतासमोर, आणि बघ, गाठ नेमकी दातालाच आली! एवढा हिशेबी देव मी दुसरा बघितला नाही.

छाटणी आहे, मजूर मिळत नाहीत, पावसानं द्राक्षावर डाऊनी रोग आलाय, असं म्हणत अडीच महिने काढले. शेवटी शोभानंच धरलं. जेवताना मी उजवीकडूनच चावतोय हे तिनं महिनाभर बघितलं होतं. गाडीवर घालून नेलं मला दातांच्या डॉक्टरबाईंकडं. तिशीतली पोरगी, पण आपल्या मोहिते सरांसारखा धाक. पहिला प्रश्न, “या दाताला लहानपणी मार लागला होता?”

मी म्हटलं, “विटी.”

ती हसली नाही. कापसाच्या बोळ्यावर कसला तरी गार फवारा मारला आणि एकेका दाताला लावत गेली. शेजारच्या दाताला लावला तर डोळ्यांत पाणी आलं. त्या दाताला लावला तर काहीच नाही, भिंतीला लावल्यासारखं. म्हणे नस मेलीय, आजची नाही, जुनी. आठवतंय का, दहावीच्या फोटोत तो दात चहासारखा झालेला, आणि तू ‘काळ्या, काळ्या’ करत वर्गभर फिरायचास? दात तेव्हाच मेला होता. मेला तरी वठलेल्या बाभळीसारखा जागेवर उभा होता, म्हणून कुणी बघितलं नाही. मधल्या वर्षांत हिरडीवर एक फुटकुळी यायची, फुटली की खारट लागायचं. मी मेडिकलवाल्याकडून तीन दिवसांच्या गोळ्या आणायचो. बसायची, परत यायची. बाईंनी कपाळाला हात लावला. गोळ्यांनी वरचा पू आटतो, आतलं मेलेलं तिथंच राहतं.

मग जबड्याचा लांबडा एक्स-रे काढला, ओपीजी म्हणतात त्याला. दाताच्या मुळाच्या टोकाला गोल काळा डाग, भोवती खडूनं आखल्यासारखी पांढरी किनार. मोठ्या द्राक्षाएवढा. बाईंनी सांगितलं ते मला जसं कळलं तसं सांगतो. मेलेल्या नसेची घाण मुळाच्या टोकाच्या भोकातून हाडात झिरपत राहते. दात घडताना मागं उरलेल्या थोड्या पेशी मुळाभोवती निजलेल्या असतात. वर्षानुवर्षं त्यांना ती घाण टोचत राहिली की त्या जाग्या होतात, वाढतात आणि तिच्याभोवती अस्तर धरतात. झाली पिशवी. तिलाच सिस्ट म्हणायचं. आत पेशी मरत जातात, पाणी घट्ट होतं, आणि घट्ट पाणी बाहेरचं पाणी आत ओढतं. मी म्हटलं, “बेदाणा भिजत घातला की फुगतो तसं?” सद्या, बाई खूश! पुढच्या पेशंटला हेच सांगणार म्हणाल्या. फुगताना ती हाड मागं सारत जाते, हाड पातळ होतं, म्हणून ते पापडासारखं कुरकुरणं. दुखत नाही, कारण सगळं सावकाश चालतं. पस्तीस वर्षं चाललं होतं!

“मग कॅन्सर नाही ना?” हे मी नाही विचारलं, शोभानं विचारलं. बाई म्हणाल्या, किनार स्वच्छ आहे, बघून तरी साधीच वाटते, पण नुसत्या फोटोवर मी सही करत नाही. जबड्यात दिसायला अशाच आणखी गाठी असतात, त्यातल्या काही काढल्या तरी परत येतात. म्हणून काढलेली पिशवी तपासायला पाठवायची. छोटी असती तर नुसत्या रूट कॅनालवर भागण्यासारखं होतं, ही मोठी आहे. आधी रूट कॅनाल, मग सांगली.

सांगलीच्या सर्जनकडं बाकावर माझ्या शेजारी एक आठ-नऊ वर्षांचं पोरगं होतं. खालच्या ओठात निळसर फुगा, आतनं पाणी दिसावं असा. ओठ चावून चावून थुंकीच्या ग्रंथीची बारीक नळी फुटली, थुंकी आतच साचली. फुटतो आणि परत भरतो, म्हणून त्याची आई आलेली. फुग्याबरोबर खालची ग्रंथीही काढतात म्हणे, नाहीतर परत येतो. असाच फुगा जिभेखाली आला तर त्याला बेडकावरून नाव आहे. ते पोरगं मला म्हणालं, “काका, तुमचं काय?” मी म्हटलं, “विटी.” त्याला विटी ठाऊकच नव्हती, बोल आता.

सर्जननी आधी सुई घालून पाणी ओढलं. गवताच्या काडीच्या रंगाचं, पिवळसर, उजेडात धरलं तर आत बारीक चमचम. मग ऑपरेशन. पूर्ण भूल नाही, तेवढी जागाच बधिर. टाळूतली सुई मात्र अशी लागली की तुझ्या सात पिढ्या आठवल्या. हिरडी बाजूला केली आणि चमच्यासारख्या हत्यारानं हाडावरून खरवडत ती पिशवी सोडवली. खोवणीवर नारळ खोवल्यासारखा आवाज आपल्याच डोक्यात. मुळाचं टोक तीनेक मिलिमीटर कापलं, मागून सिमेंट भरून बंद केलं, टाके. तासाभरात संपलं. शेवटी मी हातवारे करून दाखवा म्हटलं. बाटलीत तरंगत होतं, द्राक्ष सोलल्यावर हातात राहतं ना तसलं साल. एवढ्याशा सालीपायी मी अडीच महिने मरून घेतलं होतं.

हाडातलं भोक तसंच सोडलंय. ते हळूहळू आपोआप हाडानं भरतं म्हणे, सहा महिन्यांनी फोटो, वर्षानं परत. आठ दिवस भरडी, ताक आणि आईची बोलणी यांवर काढले. सगळं मिळून बावीस हजार झाले. निम्मे तुझ्याकडं निघतात, पस्तीस वर्षांचं व्याज धरलेलं नाही.

रिपोर्ट काल आला. साधी सिस्ट, वाईट काही नाही. शोभानं तिथंच जिन्यात बसून घेतलं. आणि मी? मला पहिल्यांदा तुझा राग आला. खरंच. पस्तीस वर्षांपूर्वी तू दांडू फिरवलास आणि मी तंबाखूला घाबरून बसलो.

पण एवढ्यावर सुटलो नाही. भुलीच्या आधी सर्जननी तोंड नीट उघडायला लावलं, तीन बोटं जातात का बघितली (गेली), खालचा ओठ उलटा केला आणि गप्प झाले. आत, जिथं मी चिमूट ठेवायचो तिथं, पांढरी सुरकुतलेली पट्टी आहे. बोटाच्या पेराएवढी, भिजलेल्या कागदासारखी. “तंबाखू कधीपासून?” शोभा शेजारी उभी. मी खोटं बोलणार होतो, तोंडात आलं होतं. मग म्हटलं, “कधी सोडलीच नाही.” शोभा बाहेर गेली. ऑपरेशन संपेपर्यंत आत आली नाही, अजूनही त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. त्यापेक्षा ओरडली असती तर बरं.

डॉक्टर म्हणाले, आजपासून बंद. तंबाखूच्या चुरचुरीनं आली असेल तर दोन-तीन आठवड्यांत उतरायला लागेल. नाही उतरली तर तिथला तुकडा काढून तपासायचा. काल रिपोर्ट घ्यायला गेलो तेव्हा परत बघितली. फिकट झालीय, पण एका कोपऱ्यात आहे. पुढच्या सोमवारी ठरवणार. आज सतरावा दिवस. डबी मी फेकली नाही, तसल्या फेकाफेकीचं आपलं काय झालं ते बघितलंय. शेडवरच्या गड्याला म्हटलं, तुझ्याकडं ठेव, मागितली तरी देऊ नकोस. त्यानं आतापर्यंत दोनदा नाही म्हटलंय. दुपारी चारला हात आपोआप खिशात जातो आणि रिकामा परत येतो. मनुके चघळतो. आयुष्यात पहिल्यांदा माझाच माल मी खातोय.

नुसता रिपोर्ट असता तर ओरडून सांगितलं असतं, पण ही पट्टी सोमवारपर्यंत घरात आई आणि ओंकारला सांगायची नाही असं ठरवलंय. तुला सांगितल्याशिवाय मात्र झोप येईना. शिव्या दे, पण पत्रानं दे.

तुझं काय? सोनं गाळायचं, गलाईचं दुकान बदलणार होतास ते बदललंस का? सोन्याच्या भावानं तुमचं बरं चाललं असेल. ॲसिडच्या धुरानं खोकला होतो म्हणाला होतास, तो दाखवला का? आता मी बोलायचा अधिकार गमावलाय, तरी दाखव. पिंकीची बारावी ना यंदा? ती मराठी लिहिते का अजून, की नुसती तमिळ? वैनींना नमस्कार. लोणच्याची बरणी पोचवायची राहिली, यात्रेला नेशील.

तुझा,
काळ्या

ता. क. – विटी माझ्या दाताला लागून वर उडाली आणि खाली येताना मी झेलली होती. तोंडातनं रक्त येत होतं तरी झेलली होती. तू म्हणालास, दाताला लागून आलेली विटी झेल धरत नाहीत, आणि खेळत राहिलास. सद्या, जमिनीला टेकली नव्हती. तू बाद होतास. एवढं आता कबूल कर, अकरा हजार सोडून देतो.