परसातलं लिंबू हलवायचं तर

बुधवार, २८ जानेवारी

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

परसात पाण्याची टाकी बांधायची ठरली आणि लिंबाचं झाड पलीकडच्या कोपऱ्यात न्यायचं आहे, हे काल फोनवर कळलं. बाबा म्हणाले, "रविवारी दोन गडी लावतो, दुपारपर्यंत उरकेल." बाबा, रविवारी गडी जरूर बोलवा, पण झाड काढायला नाही, चर खणायला. झाड जागचं हलेल ते जुलैत. गवंड्याला ऑगस्टची तारीख द्या. तो कुरकुरेल, पण ऐकेल.

एवढा उशीर का, ते सांगते. लिंबाची पाणी पिणारी मुळं म्हणजे केसांसारखी बारीक तंतुमुळं. ती बुंध्याजवळ फारशी नसतात. फांद्यांचा घेर संपतो तिथे आणि त्याच्याही बाहेर, वरच्या फूटभर मातीत पसरलेली असतात. एका दमात खणून झाड काढलं, तर ती सगळी जुन्या जागीच राहतात आणि आपण उचलून नेतो ती नुसती जाड मुळं. जाड मुळं झाडाला उभं धरतात, पाणी पाजत नाहीत. वर पानं तेवढीच आणि खाली पिणारं कुणी नाही, म्हणून आठवड्यात झाड माना टाकतं. तेव्हा आधी बुंध्याजवळ नवी तंतुमुळं फुटवून घ्यायची आणि मग झाड न्यायचं. नवी मुळं फुटायला चार-पाच महिने द्यायचे.

आई, तुझी शिवणाची टेप घे आणि जमिनीपासून वीतभर वर बुंध्याचा घेर मोज. बाबा म्हणाले तसा तो २० सेंटिमीटर असेल, तर बुंध्याची जाडी साधारण साडेसहा सेंटिमीटर झाली. मातीसकट जो गोळा उचलायचा, ज्याला नर्सरीवाले हुंडी म्हणतात, तो बुंध्याच्या जाडीच्या दहा ते बारा पट रुंद लागतो. म्हणजे आपली हुंडी ७० सेंटिमीटर रुंद आणि ४० खोल. याहून लहान केली तर मुळं पुरत नाहीत. मोठी केली तर माणसांना उचलत नाही. या मापाचीच माती, मुळं आणि झाड मिळून पावणेदोनशे-दोनशे किलो भरेल.

आता रविवारचं काम. खुंटीला ३० सेंटिमीटर दोरी बांधून बुंध्याभोवती चुन्याने वर्तुळ आखा. हुंडी ७० ची आणि वर्तुळ ६० चं, ही चूक नाही. मूळ जिथे कापलं तिथूनच त्याला नवे फुटवे येतात आणि ते बाहेरच्या बाजूला वाढतात. जुलैत आपण ७० वर खणू, तेव्हा ती नवी झालर हुंडीच्या आत सापडली पाहिजे. आत्ताच ७० वर कापलं, तर तीच झालर जुलैत पुन्हा कापली जाईल आणि सगळी खटपट फुकट.

वर्तुळाचे चार भाग करा. रविवारी फक्त पूर्वेचा आणि पश्चिमेचा भाग खणायचा. वर्तुळाच्या बाहेरून फावड्याच्या रुंदीचा, ४० ते ४५ सेंटिमीटर खोल चर. उत्तर-दक्षिण बाजूंना हातही लावायचा नाही. त्यांच्यावर झाड दोन महिने जगणार आहे. त्या दोन बाजू मार्चअखेर.

चर खणताना गड्यांच्या हातात कुदळ-टिकाव असेल आणि मूळ आडवं आलं की ते घाव घालतील. तेवढं मात्र बाबा, उभं राहून थांबवा. टिकावाने मूळ तुटत नाही, ठेचतं. साल आतपर्यंत फाटते आणि तिथून कूज चढते. करंगळीपेक्षा जाड मूळ दिसलं की भोवतालची माती खुरप्याने मोकळी करायची आणि करवतीने सरळ कापायचं, बारीक असेल तर छाटणीच्या कात्रीने. कापलेल्या मुळाला काही फासू नका, हळद नको, शेण तर नकोच. चर बुजवताना दोन घमेली निघालेली माती आणि एक घमेलं पूर्ण कुजलेलं, वास न येणारं शेणखत मिसळून घाला, पायाने हलकं दाबा आणि दोन बादल्या पाणी सोडा.

यंदाची लिंबं आणि फुलं आत्ताच तोडून टाका. आई, तुला हे जड जाईल, पण आंबे बहार, म्हणजे या दिवसांतल्या फुलांचं पीक, यंदा नाही. मुळं बनवायची ताकद फळांत जाते.

फेब्रुवारी ते जून हाच खरा कसोटीचा काळ. आपल्या बार्शीची काळी माती एप्रिलमध्ये हात जाईल एवढ्या भेगा देते आणि भेग आली की कोवळी मुळं ताडताड तुटतात. भेग हुंडीतूनच गेली, तर जुलैत तिचे सरळ दोन तुकडे होतील. म्हणून चरावर आणि बुंध्याभोवती चार बोटं जाड पालापाचोळा किंवा उसाचं पाचट पसरा, बुंध्याला लागू न देता, वीतभर अंतर सोडून. दर चार-पाच दिवसांनी दीड-दोन बादल्या पाणी, कडक उन्हात दर तिसऱ्या दिवशी. दुपारी पानं मलूल दिसली तर घाबरू नका. सकाळीही वळलेलीच दिसली तर पाणी कमी पडतंय. मोरीचं पाणी मात्र तिकडे वळवू नका. काळ्या मातीत आधीच चुनखडी असते. साबणाच्या पाण्याने लोह आणखी अडतं आणि नवी पानं पिवळी पडून नुसत्या शिरा हिरव्या राहतात.

जूनमध्ये नवा खड्डा. जागा पाच-सहा तास उन्हाची, भिंतीपासून तीन मीटर लांब. हुंडीच्या दुप्पट रुंद, म्हणजे दीड मीटरभर, पण खोल हुंडीइतकाच, उलट दोन बोटं कमी. गडी हौसेने खोल खणतात आणि मग खाली भुसभुशीत माती भरतात. पावसात ती बसते आणि झाड बुंध्यासकट खाली जातं. लिंबाचा बुंधा मातीत गेला की डिंक्या, म्हणजे साल कुजून डिंक गळायचा रोग, आलाच. खड्ड्यात एकदा पाणी भरून ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळीही साठलेलं असेल, तर तो खड्डा नाही, हौद आहे. तिथे निम्मा खड्डा आणि निम्मा उंचवटा करून लावायचं. आणखी एक, काळ्या मातीत फावड्याने भिंती साबणासारख्या गुळगुळीत होतात आणि मुळं त्यांना टेकून गोल फिरत राहतात. खुरप्याने त्या ओरबाडून खडबडीत करा.

झाड न्यायचा दिवस जुलैचा पहिला-दुसरा आठवडा, ढगाळ हवेचा. आपल्याकडे खरा पाऊस सप्टेंबरचा, पण तेव्हा माती चिखल असते, हुंडी हातात राहत नाही. पाऊस नसेल तर तीन दिवस आधी चार बादल्या पाणी द्या. माती वापशावर हवी. मूठभर घेऊन दाबा. गोळा झाला, तळव्याला चिकटला नाही आणि बोटाने टोचल्यावर फुटला, की काम सुरू करायचं. आदल्या रात्री जोराचा पाऊस झाला तर सरळ पुढे ढकला, गड्यांची मजुरी बुडली तरी चालेल.

हाताशी हे असू द्या: पहार, फावडी, करवत, कात्री, तागाची दोन गोणपाटं उसवून जोडलेली, काथ्याची दोरी २० मीटर, जुना पत्रा आणि गजासारखे जाड तीन-चार पाइपचे तुकडे. खताची प्लॅस्टिकची पोती नकोत, ती मातीत कुजत नाहीत. आधी फांद्या जुन्या साडीच्या पट्ट्यांनी वर बांधून घ्या, नाहीतर काटे डोळ्यात जातील. सुकलेल्या, आत घुसलेल्या आणि बुडातून सरळ वर आलेल्या फांद्या काढा, एकूण चौथा भाग, त्याहून जास्त नाही. बुंध्यावर उत्तरेच्या बाजूला खडूची खूण करा, म्हणजे नव्या जागी तीच बाजू उत्तरेला ठेवता येईल. कायम सावलीत वाढलेली साल एकदम पश्चिमेच्या उन्हात आली की भाजते.

७० च्या वर्तुळावर चर खणा, माणूस उतरू शकेल एवढा रुंद. हुंडीच्या कडा खाली निमुळत्या करत न्या आणि ४० सेंटिमीटरवर बुडाखालून माती पोखरा. मधोमध खाली गेलेलं सोटमूळ असेल तर करवतीने कापा. झाड बियांचं असेल तर ते असेल, गुटीचं, म्हणजे फांदीलाच मुळं फुटवून केलेलं, असेल तर नसेल.

आता गोणपाट खाली कसं घालायचं. त्याची निम्मी गुंडाळी करा. झाड हलकेच एका बाजूला कलतं करून गुंडाळी बुडाखाली सरकवा, मग झाड उलट बाजूला कलवून तीच गुंडाळी ओढून उलगडा. टोकं वर घेऊन बुंध्याशी बांधा आणि ढोलकीला दोरी आवळतात तशी काथ्याची दोरी खालीवर फिरवून आवळा.

वर काढताना उचलायचं नाही. झाड डावीकडे कलवा आणि उजवीकडे जी पोकळी झाली तिथे चार घमेली माती टाकून तुडवा. मग उजवीकडे कलवा, डावीकडे माती टाका. प्रत्येक फेरीला हुंडी आठ-दहा सेंटिमीटर वर येते आणि पाच-सहा फेऱ्यांत ती जमिनीच्या पातळीला असते. तिथून पत्र्यावर ओढा, पत्र्याखाली पाइप सरकवत न्या. हात नेहमी हुंडीला, बुंध्याला कधीच नाही. बुंध्याला धरून उचललं की दोनशे किलोचा भार मुळांच्या सांध्यावर येतो आणि आतली माती खळ्ळकन सुटते. हुंडी फुटली की पाच महिने पाण्यात. यासाठी चार माणसं लागतात आणि त्या चारांत बाबा, तुम्ही नाही. तुम्ही खुर्ची टाकून बसा आणि ओरडा.

नव्या खड्ड्यात हुंडीची वरची पातळी जमिनीपेक्षा तीन-चार सेंटिमीटर वर राहू द्या. दोरी कापा, गोणपाट बुंध्यापासून सोडवून खाली दुमडा. बुडाखालचं तसंच राहू दे, ताग कुजतो. तीच माती भरा. निम्मी भरली की पाणी सोडा, बुडबुडे थांबू द्या, मग उरलेली. खड्ड्यात युरिया नाही, डीएपी नाही, मिठाची चिमूटही नाही. खत नवी फूट आल्यावर.

आळं करण्यात बहुतेक जण चुकतात. मोठ्या लिंबाला दुहेरी आळं करून पाणी बुंध्यापासून लांब देतात, ते बरोबरच आहे. पण नुकत्या हलवलेल्या झाडाची मुळं हुंडीतच असतात. पाणी लांब दिलं तर बाहेरची माती ओली आणि हुंडी आत कोरडी राहते. म्हणून आतला बांध बुंध्यापासून फक्त १०-१२ सेंटिमीटरवर आणि बाहेरचा हुंडीच्या कडेपासून वीतभर पुढे. पाणी या दोन्हींच्या मध्ये. पहिल्या दिवशी ४० लिटर, नंतर पावसाने दडी मारली तर एक दिवसाआड एक बादली. पण आधी हुंडीत बोटभर उकरून बघा. ओल लागली तर थांबा. लिंबू तहानेने मरतं त्याहून जास्त वेळा पाण्यात उभं राहून मरतं.

तीन बाजूंना बांबू रोवून सायकलच्या जुन्या ट्यूबने सैलसर बांधा, झाड थोडं डुललं पाहिजे. अंगठ्याएवढ्या जाड फांद्या कापल्या असतील, तिथे बोर्डो पेस्ट लावा. १०० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरात, दोन्ही प्लॅस्टिकच्या डब्यांत, मग तिसऱ्या डब्यात एकत्र ओता. लोखंडी खिळा मिनिटभर बुडवून काढा. त्याच्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, आणखी घाला. त्याच दिवशी वापरा. आई, स्वयंपाकघरातलं भांडं यासाठी देऊ नकोस, मोरचूद विषारी असतो.

पंधरा दिवसांत पानं गळतील. गळू देत. पान पिवळं होऊन गळालं आणि डहाळी हिरवी असेल, तर झाड जिवंत आहे, त्याने स्वतःचं ओझं कमी केलं. पानं सुकून तपकिरी झाली आणि फांदीलाच चिकटून राहिली, तर ती फांदी गेली. शंका आली तर नखाने साल खरवडा, खाली हिरवं दिसलं पाहिजे. नवी फूट आली की पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी शोधून हाताने वेचा. ती फुलपाखराची असते आणि कोवळी पानं एका रात्रीत फस्त करते.

दोन कामं आत्ताच. बाबा, नगरपरिषदेत जाऊन लेखी परवानगी घ्या. १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा शहरातल्या खासगी परसालाही लागू आहे, हलवायचं असलं तरी आधी विचारलेलं बरं. आणि आई, तोडलेल्या लिंबांपैकी पिकलेली चार बाजूला ठेव. त्यांच्या दहा-बारा बिया धुऊन, न सुकवता, लगेच कुंडीत लाव. कागदी लिंबाच्या एकेका बीतून दोन-तीन रोपं येतात आणि त्यातली बहुतेक आईसारखीच निघतात. जुलैत काही बिनसलंच, तर तुझ्या लोणच्याचं लिंबू गेलं असं व्हायला नको.

रविवारी चुन्याचं वर्तुळ आखलं की खणण्याआधी फोटो पाठवा. टेप बुंध्याशी धरून काढा, म्हणजे माप दिसेल.

तुमची लेक